शांत पडून राहिलेला रुग्ण: पोटदुखीच्या दोन रुग्णांमध्ये आधी कोणाला बघायचं?

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतल्या वाशी-तुर्भे पट्ट्यातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतलं आहे. या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्या रात्री मी ड्यूटीवर नव्हते. पुढे जे मांडलंय ते केस पेपर, नर्सिंग नोट्स, प्रवेशद्वाराजवळच्या सीसीटीव्हीचं चित्रण आणि त्या पाळीतल्या सगळ्यांशी झालेलं सविस्तर बोलणं यांवरून. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून वय, नाती असे तपशील बदलले आहेत. वेळा आणि वैद्यकीय आकडे तसेच ठेवलेत.

आमच्याकडे मध्यरात्रीनंतर येणारे बरेचसे रुग्ण दोन ठिकाणांहून येतात. एक म्हणजे एपीएमसी मार्केट. तिथे शहरं झोपलेली असताना गाड्या खाली होतात, भाजी आणि फळांचा माल पहाटेपर्यंत हलत असतो, आणि तो हलवणारे माथाडी बहुतेक सातारा-सांगलीकडचे, कोपरखैरणे-घणसोलीत राहणारे. दुसरं म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्या, त्यांतही ऐरोलीतल्या आयटी पार्कांची रात्रपाळी. दोन्हीकडच्या माणसांची दुखणं सांगायची रीत फार वेगळी असते, आणि या प्रकरणात त्याचा संबंध आहे.

रात्री विभागात एक मेडिकल ऑफिसर, दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय असतात, दारावर सिक्युरिटीचा माणूस. आलेल्या रुग्णाची ट्रायाजच्या, म्हणजे आधी कोणाला बघायचं हे ठरवण्याच्या, टेबलावर नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन आणि ताप बघून लाल, पिवळा किंवा हिरवा गट ठरतो. आकड्यांना गुण देण्यासाठी आम्ही न्यूज-२ ही पद्धत वापरतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारून दिलेली ही पद्धत. गुण जितके जास्त तितका धोका जास्त. ती चांगली आहे आणि आम्ही ती सोडणार नाही. पण रुग्ण कसा बसलाय, कसा पडलाय, हलवलं तर त्याला काय होतं, हे तिच्यात कुठेच येत नाही.

अडचण

पहाटे ३ वाजून २ मिनिटांनी ऐरोलीहून एकोणतीस वर्षांचा तरुण आला. डाव्या कुशीत कळ, ती जांघेपर्यंत उतरत होती. तो खुर्चीत बसत नव्हता, उभा राहत नव्हता. भिंतीला डोकं टेकवायचा, जमिनीवर गुडघे टेकायचा, पुन्हा उठायचा. दोनदा उलटी झाली. सोबतचे दोन सहकारी घाबरून गेले होते आणि मोठमोठ्याने डॉक्टरांना हाका मारत होते.

आठ मिनिटांनी, ३ वाजून १० मिनिटांनी, मार्केटमधून एक टेम्पो आला. त्यात सेहेचाळीस वर्षांचा माथाडी कामगार होता. टोळीतली माणसं त्याला तात्या म्हणत, इथेही तसंच म्हणू. सोबत त्याचा मेहुणा होता.

तात्याचं टेम्पोतून उतरणं मी चित्रणात अनेकदा पाहिलंय. त्याला उतरायला जवळजवळ दोन मिनिटं लागली. आधी दोन्ही पाय एकदम बाहेर काढले आणि तसाच बसून राहिला. मेहुण्याने आधाराला हात पुढे केला तो त्याने बाजूला सारला. मग दाराची कड धरून उभा राहिला आणि कमरेत वाकून, उजवा हात बेंबीच्या वर धरून, पाय जमिनीवरून घासत चालू लागला. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी असा तो चालत होता, एकही हिसका बसणार नाही अशा बेताने. दाराच्या उंबऱ्याशी थांबला. पट्टी जेमतेम अर्ध्या इंचाची आहे, पण ती ओलांडण्याआधी त्याने श्वास रोखला, चौकट धरली आणि एकेक पाय पलीकडे ठेवला. आत आल्यावर भिंतीकडेच्या खुर्चीत बसला. पुढची एकवीस मिनिटं तो त्या खुर्चीत जवळजवळ हलला नाही.

ट्रायाजच्या सिस्टरने दोघांचे फॉर्म भरले. तरुणाची नाडी ११४, श्वास २२, बीपी १५६/९४, ऑक्सिजन ९८, ताप नाही. न्यूज-२चे गुण ४. तात्याची नाडी ९८, श्वास १८, बीपी १२८/८४, ऑक्सिजन ९७, ताप नाही. गुण १. तक्रारीच्या रकान्यात तात्यासमोर लिहिलं होतं, ‘पोटात दुखते, अ‍ॅसिडिटी, २ तास’. अ‍ॅसिडिटी हा शब्द मेहुण्याचा. तात्या स्वतः फारसं बोललाच नव्हता.

रिकामी खाट एकच होती. ती तरुणाला मिळाली. त्या वेळी त्या टेबलावर असलेल्या कोणालाही हाच क्रम बरोबर वाटला असता. आकडे तसं सांगत होते, आवाज तसं सांगत होता, आणि दुसरा माणूस शांत बसला होता. या प्रकरणात माझी सगळी कळकळ त्या शांत बसण्याबद्दल आहे.

दोन शरीरं, दोन प्रकारचं दुखणं

मूतखडा मूत्रवाहिनीत अडकला की ती नळी तो पुढे ढकलण्यासाठी आवळत राहते आणि वरच्या बाजूला दाब वाढतो. ही कळ आतल्या अवयवाची असते आणि कुठल्याही स्थितीत कमी होत नाही. म्हणून माणूस सतत स्थिती बदलत राहतो. हललं तरी दुखणं वाढत नाही, त्यामुळे हलायला मज्जाव नसतो.

पोटाच्या आतल्या अस्तराला, पेरिटोनियमला, सूज आली की उलटं होतं. पोटाच्या भिंतीला चिकटलेल्या अस्तराच्या नसा त्वचेच्या नसांसारख्याच नेमक्या आणि तीव्र वेदना पोचवतात. अस्तर ताणलं, घासलं, हादरलं की वेदना उसळते. चालण्याने हादरतं, खोकल्याने हादरतं, खोल श्वासानेही हलतं. म्हणून रुग्ण स्वतःला गोठवून ठेवतो. गुडघे पोटाशी घेतो, कारण त्याने पोटाच्या स्नायूंवरचा ताण उतरतो. श्वास उथळ आणि भरभर घेतो. ओरडत नाही, कारण ओरडायलाही पोटाचे स्नायू लागतात.

म्हणजे पोटदुखीत जो गडबडा लोळतो त्याला वेदना भयंकर असतात, आणि जो हलत नाही त्याच्या पोटात फुटलेलं, सडलेलं किंवा झिरपणारं काहीतरी असण्याची भीती जास्त. सर्जरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात हे प्रत्येक जण शिकतो. अडचण अशी की शिकलेलं ते खाटेवर झोपवलेल्या, तपासायला घेतलेल्या रुग्णाबद्दल असतं. भिंतीकडेच्या खुर्चीतला माणूस अजून रुग्ण झालेला नसतो, तो रांगेतला एक असतो.

पहिला निर्णय: इंजेक्शन

मेडिकल ऑफिसर तेव्हा छातीत दुखणाऱ्या एका आजींच्या खाटेपाशी होते. दोन पोटदुखीचे रुग्ण आल्याचं कळल्यावर त्यांनी तिथूनच सांगितलं, ‘दोघांनाही डायक्लो लावा, पँटॉप द्या, मी येतोच.’ डायक्लो म्हणजे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, पँटॉप म्हणजे आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल. गर्दीच्या रात्री असे तोंडी आदेश सगळीकडेच दिले जातात.

मूतखड्याच्या कळेवर डायक्लोफेनॅक उत्तम औषध आहे, तरुणाला ते द्यायलाच हवं होतं. पण जठरात किंवा ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, व्रण असेल तर तेच औषध तो व्रण चिघळवतं. फुटलेल्या व्रणावर ते देणं म्हणजे ज्याने भोक पाडलं त्यालाच पुन्हा आत बोलावणं.

३ वाजून ३१ मिनिटांनी इन्चार्ज सिस्टर फार्मसीतून परतल्या. त्यांनी ट्रे उचलला, तरुणाला इंजेक्शन दिलं आणि तात्याकडे वळल्या. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, ‘इंजेक्शन द्यायला म्हटलं, काका, जरा कुशीवर व्हा. त्यांनी नुसती मान हलवली. म्हटलं, बरं, उभे राहा. तरी तेच. वेदनेवर इंजेक्शन मिळतंय आणि त्यासाठी माणूस हलायला तयार नाही, हे मला खटकलं.’

त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘तात्या, एकदा खोका बरं.’

तात्याने घशापर्यंत हवा घेतली आणि तशीच सोडून दिली. ‘न्हाय जमायचं, ताई,’ तो म्हणाला. ‘खोकलो तर पोट फाटंल.’

पुढे त्यांनी केलं ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. त्यांनी घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. २६ आले. फॉर्मवर १८ होते. श्वासाचा आकडा अंदाजाने टाकण्याची सवय फार खोल गेलेली आहे, आणि उथळ श्वास कपड्यांवरून दिसतच नाहीत. न्यूज-२मध्ये श्वास २५ किंवा जास्त असेल तर त्या एकाच मापाला ३ गुण मिळतात, आणि एकाच मापाला ३ म्हणजे डॉक्टरने तातडीने बघायचं. तात्याचे गुण १ वरून ४ वर गेले. म्हणजे आकड्यांनीही इशारा दिला असता, पण आकडा पुन्हा मोजायला लावला तो त्याच्या बसण्याने.

मग त्यांनी इतिहास विचारला. दुखणं कधी सुरू झालं? तात्याला क्षण आठवत होता. एक वाजायच्या सुमारास, गाडीच्या फाळक्यावरून तिसरी गोण पाठीवर घेताना, ‘सुरी घातल्यागत’. इतक्या अचानक सुरू झालेली, माणूस त्या क्षणी काय करत होता ते सांगू शकेल अशी पोटदुखी नेहमीच गंभीर धरावी. उजव्या खांद्यातही दुखत होतं. गोण उचलण्याचं काम असल्याने त्याकडे कोणीच लक्ष दिलं नव्हतं. पण डायफ्रॅमखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, हवा किंवा आम्ल साचलं की त्याच्या नसेमार्फत दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं. आणि पाठीसाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तो कित्येक महिने, रोज, बऱ्याचदा उपाशीपोटी घेत होता. वर बिडी.

३ वाजून ३६ मिनिटांनी सिस्टर आजींच्या खाटेपाशी जाऊन डॉक्टरांना म्हणाल्या, ‘सर, तो माणूस हलत नाहीये. तुम्ही आत्ता बघा.’

समोर असलेले पर्याय

डॉक्टर लगेच आले. पोटाला हात लावला तर ते ताठ, श्वासाबरोबर वरखाली न होणारं. यकृताच्या जागी टिचकी मारल्यावर बोथट आवाज यायला हवा, तिथे पोकळ आवाज येत होता. व्रण फुटल्याचा संशय जवळजवळ पक्का झाला. आता पुढे काय, यावर त्या दहा मिनिटांत चार गोष्टी बोलल्या गेल्या.

इन्चार्ज सिस्टरचा आग्रह ईसीजीचा होता, आणि तो रास्त होता. पोटाच्या वरच्या भागात दुखणारा, बिडी ओढणारा, चाळिशी ओलांडलेला पुरुष असेल तर हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका वगळायलाच हवा. पण टेक्निशियनने सवयीने सांगितलं, ‘पाय सरळ करून पाठीवर झोपा.’ तात्याने पाय सरळ करायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातच थांबला. सिस्टरने खाटेचं डोकं वर घेतलं, गुडघ्यांखाली उशी दिली आणि त्याच स्थितीत ईसीजी काढायला लावला. स्थिती बदलली की ईसीजीच्या रेषांमध्ये थोडाफार फरक पडू शकतो, म्हणून कागदावर ‘अर्धवट बसून, गुडघे वाकवून’ असं लिहिलं. झटक्याची खूण नव्हती.

दुसरा पर्याय थेट सीटी स्कॅनचा. पोटातली मोकळी हवा पकडण्यात सीटी एक्स-रेच्या कितीतरी पुढे आहे. पण त्यासाठी त्याला दुसऱ्या इमारतीत न्यायचं, सपाट झोपवायचं, हात डोक्यावर घ्यायला लावायचे, आणि टेक्निशियन घरून येईपर्यंत थांबायचं.

तिसरा, उभ्या स्थितीतला छातीचा एक्स-रे. व्रण फुटलेल्या साधारण तीन-चतुर्थांश रुग्णांमध्ये त्यात डायफ्रॅमखाली हवेची चंद्रकोर दिसते. म्हणजे दिसली तर प्रश्न मिटतो, पण न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही. थोडी हवा वर चढायला रुग्ण पाच-दहा मिनिटं सरळ बसलेला असावा लागतो.

चौथा प्रश्न सर्जनना कधी उठवायचं हा होता. एक्स-रे आल्यावर, की आत्ता? डॉक्टरांना संकोच वाटला. पहाटे पावणेचारला फोन करायचा आणि हातात एकही रिपोर्ट नाही. हा संकोच मी प्रत्येक तरुण डॉक्टरमध्ये पाहते.

काय केलं

त्यांनी ३ वाजून ४० मिनिटांनी फोन केला. नेरूळला राहणाऱ्या सर्जननी पहिला प्रश्न विचारला तो ‘कसा पडलाय?’ असा. डॉक्टर म्हणाले, ‘गुडघे वर घेऊन, अजिबात न हलता. खोकू शकत नाही.’ सर्जन म्हणाले, ‘निघतो. ओटीला सांगून ठेवा.’

पोर्टेबल मशीन खाटेपाशी आणून बसवूनच एक्स-रे काढला, म्हणजे त्याला उंबऱ्यावरून आणि कॉरिडॉरमधून हलवावं लागलं नाही. ३ वाजून ५२ मिनिटांनी स्क्रीनवर उजव्या डायफ्रॅमखाली हवेची पातळ, स्पष्ट पट्टी दिसली. सीटीची गरज राहिली नाही.

दोन सलाइनच्या लाइन, तोंडाने काहीही नाही, नाकातून राइल्स ट्यूब, लघवीची पिशवी, शिरेतून पँटोप्राझोल, अँटिबायोटिक, रक्ततपासण्या हे सगळं नेहमीप्रमाणे झालं. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक, २.६ आलं, किंचित वाढलेलं.

एक निर्णय मात्र थांबून बघण्यासारखा आहे, तो वेदनाशामकाचा. सर्जन बघेपर्यंत पोटदुखीच्या रुग्णाला वेदनाशामक देऊ नये, नाहीतर लक्षणं झाकली जातात, ही जुनी शिकवण अजून अनेकांच्या डोक्यात आहे. त्यावर पुष्कळ अभ्यास झालेत. मोजक्या मात्रेत मॉर्फिन किंवा फेंटानिलसारखं औषध दिल्याने निदान चुकत नाही, असंच त्यांतून दिसलंय. माणसाला तासभर तसंच तळमळत ठेवणं अन्यायाचं आहे. डॉक्टरांनी फेंटानिल द्यायचं ठरवलं.

पण इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘सर, आधी लिहू.’ आणि त्यांनी केस पेपरवर लिहिलं: ‘३.४३. अर्धवट बसलेला, दोन्ही गुडघे पोटाशी. स्वतःहून कूस बदलत नाही. खोकायला सांगितल्यावर खोकत नाही. खाटेला धक्का लागल्यावर चेहरा आक्रसतो. श्वास २६, उथळ.’ मग ३ वाजून ४४ मिनिटांनी फेंटानिल दिलं.

४ वाजून २० मिनिटांनी सर्जन आले तेव्हा तात्या पाय लांब करून पडला होता आणि मेहुण्याला टोळीच्या मुकादमाला काय कळवायचं ते सांगत होता. आत्ताच आलेल्या कोणालाही वाटलं असतं की एवढी घाई कशाला? पण पोट अजून ताठच होतं, आतड्यांचा आवाज नव्हता, आणि समोर ती नोंद होती. सर्जन मला नंतर म्हणाले की एक्स-रे नसता तरी त्या पाच ओळींवर आपण पोट उघडायचा निर्णय घेतला असता.

निष्पत्ती

५ वाजून २५ मिनिटांनी शस्त्रक्रिया सुरू झाली. ड्युओडेनमच्या पुढच्या भिंतीवर आठ मिलिमीटरचं भोक होतं. पोट धुऊन, पोटातल्याच चरबीच्या पडद्याचा, ओमेंटमचा, तुकडा त्यावर बसवून ते बंद केलं. कॅनडातले सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ साली मांडलेल्या पद्धतीचाच हा प्रकार, आजही तो टिकून आहे. तात्या नवव्या दिवशी घरी गेला. व्रणाला कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी पॉझिटिव्ह आली, त्यावरचा औषधांचा कोर्स दिला. दुखण्याच्या गोळ्या बंद. पाठीसाठी फिजिओथेरपी लिहून दिली. पण गोणी वाहणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न एका कागदाने सुटत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

ऐरोलीच्या तरुणाला इंजेक्शननंतर अर्ध्या तासात आराम पडला. सोनोग्राफीत डाव्या किडनीला हलकी सूज होती, पुढे सीटीत सहा मिलिमीटरचा खडा निघाला. तो सकाळी घरी गेला. त्याने उगाच गोंधळ घातला असं इथे कोणालाही म्हणायचं नाही. मूतखड्याची कळ माणसाला आयुष्यभर लक्षात राहते. त्याला वेदनाशामक लवकर मिळालं हे योग्यच झालं. फक्त रिकामी खाट आणि डॉक्टरांची पहिली नजर यांवर हक्क दुसऱ्याचा होता.

खुर्चीतल्या एकवीस मिनिटांनी तात्याचं किती बिघडलं? एका रुग्णावरून ते सांगता येणार नाही. तो शॉकमध्ये गेला नाही, म्हणजे रक्तदाब कोसळला नाही, दुसरा मोठा आजार नव्हता, आणि भोक पडून काही तासच झाले होते, म्हणजे धोका वाढवणारी तिन्ही प्रमुख कारणं नव्हती. पण डेन्मार्कमधल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात फुटलेल्या व्रणाच्या शस्त्रक्रियेला पहिल्या चोवीस तासांत होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी कमी होताना दिसली. शिवाय या आजारात एक फसवा टप्पा असतो. सुरुवातीची आम्लाची जळजळ काही तासांनी ओसरते, रुग्णाला बरं वाटू लागतं, आणि मग जंतुसंसर्ग पेट घेतो. डायक्लोफेनॅक घेऊन, त्या टप्प्यात ‘बरं वाटतंय’ म्हणून तात्या घरी गेला असता, तर तो परत कुठल्या अवस्थेत आला असता याचा विचार मला अस्वस्थ करतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, दारावरच्या माणसाला विचारता आलं असतं. सिक्युरिटीच्या काकांनी तात्याला उतरताना पाहिलं होतं. बैठकीत त्यांनी सांगितलं, ‘मॅडम, त्यानं उंबऱ्याशी माझा खांदा धरला नाही, चौकट धरली. माणूस हलतो, चौकट हलत नाही ना.’ इतकं नेमकं निरीक्षण तिथे एकवीस मिनिटं पडून होतं, आणि ते आत पोचवायला काही वाटच नव्हती. आता काका आणि वॉर्डबॉय दोघांनाही सांगितलंय की गाडीतून उतरताना कोणी असं वागलं तर ट्रायाजच्या टेबलावर येऊन बोलायचं. काय झालंय ते त्यांनी ओळखायचं नाही, पाहिलेलं फक्त सांगायचं.

दुसरं, फॉर्म. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रायाज पद्धतीत रुग्ण चालत आला, आधाराने आला की स्ट्रेचरवर, याला गुण आहेत. आमच्या फॉर्ममध्ये तेवढंही नव्हतं. आम्ही आता आकड्यांच्या वर तीन छोटे रकाने टाकलेत: कसा आला, कसा बसला किंवा पडला, स्थिती बदलायला सांगितल्यावर काय झालं. आकड्यांच्या वर मुद्दाम, कारण मशीन लावली की नजर तिच्याकडे जाते. आणि एक अट घातली, क्रियापद लिहायचं. ‘आजारी दिसतो’ असं लिहिलं तर पुढच्याला काहीच कळत नाही. ‘गुडघे सरळ करत नाही’ हे मात्र कोणीही पुन्हा पडताळून पाहू शकतो. हे सगळं वेदनाशामक देण्याआधी लिहायचं.

तिसरं, अधिकार. त्या रात्री इन्चार्ज सिस्टरच्या अनुभवामुळे आदेश थांबला. ट्रायाजच्या सिस्टर नव्या होत्या. त्यांनी सांगितलं की काका हलत नाहीत हे त्यांच्याही लक्षात आलं होतं, पण गुण १ असताना डॉक्टरांना बोलवायचं कशाच्या आधारावर? आता कोणतीही सिस्टर निव्वळ शरीराच्या स्थितीवरून रुग्णाला एक गट वर नेऊ शकते, कारण लिहून, कोणाला न विचारता. नंतर ते अनावश्यक ठरलं तरी तिला जाब विचारायचा नाही.

पोटदुखीपुरतंच हे नाही. दोन्ही हात मांडीवर रोवून पुढे झुकून बसलेला दमेकरी खांदे स्थिर करून छातीचे आणि मानेचे स्नायू श्वासाच्या कामाला लावत असतो. फुप्फुसात पाणी झालेला रुग्ण आडवा होऊच शकत नाही, आणि एक्स-रेसाठी बळेच आडवं केल्यास तिथेच कोसळू शकतो. हनुवटी पुढे काढून, लाळ गाळत, ताठ बसलेल्या तापाच्या मुलाला तर आईच्या मांडीवरून हलवूच नये, कारण ती स्थितीच त्याची श्वासनलिका उघडी ठेवत असते.

पण मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगायला हव्यात. साठीपुढच्या माणसाला पहिल्यांदाच ‘मूतखड्याची कळ’ येते आणि तो तळमळत असतो, तेव्हा महाधमनी फुगून झिरपत असू शकते. ती वगळल्याशिवाय खडा म्हणायचं नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला रुग्ण सुरुवातीला लोळतो आणि त्याचं पोट मऊ लागतं. खूप म्हातारी माणसं, स्टेरॉइडवर असलेले, दारू प्यायलेले, यांचं पोट फुटलं तरी ताठ होईलच असं नाही. शांत पडलेला प्रत्येक जण पेरिटोनायटिसचा, म्हणजे पोटाच्या अस्तराला सूज आलेला, नसतो, कोणी शॉकने, कोणी नुसत्या थकव्याने पडलेला असतो. म्हणून स्थितीवरून रुग्णाला वर न्यायचं, खाली कधीच आणायचं नाही. ‘लोळतोय म्हणजे खडाच असणार, थांबू दे’ असा उलटा अर्थ काढायला आमच्या विभागात मनाई आहे.

ईसीजी आणि एक्स-रेच्या टेक्निशियनांचं शिक्षण अजून अपुरं आहे. ‘सरळ झोपा’ हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलंय की आडवं होताना रुग्ण अडखळला तर थांबून सिस्टरना बोलवायचं, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतंय. पुढच्या आढाव्यात आम्ही नवे तीन रकाने किती फॉर्मवर खरोखर भरले गेले आणि वर नेलेल्या रुग्णांचं पुढे काय निदान झालं, हे रात्रपाळीचे कागद वेगळे काढून तपासणार आहोत.